डाव्या पायाचा चोर

१

कवटी जागेवर नव्हती.

आधी कुणी दचकलंच नाही, आणि मला वाटतं, पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे. आमचा संध्याकाळचा वर्ग गुन्ह्यांचाच. ठसा, धागा, बुटाची खूण यांवरून माणूस कसा हुडकायचा, हे बाई आम्हाला शिकवत. सरकारी प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या मागच्या खोलीत त्यांनी आम्हा हौशी मंडळींची शाळा मांडली होती. एक दिवस वर्गातच खोटी चोरी घडवीन आणि तुम्हाला तपास करायला लावीन, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं.

त्यामुळे काचेच्या कपाटातला मधला खण रिकामा दिसताच सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"आली! चोरी आली! आई, चष्मा लावा."

"लावलाय. तुझ्यासारखी नुसती डोक्यावर नाही चढवत मी," सासूबाई म्हणाल्या. या दोघी वर्गाला जोडीने येत आणि जोडीने भांडत. त्यांच्याशिवाय वर्गात होतो आम्ही दोघे. एक निवृत्त पोलीस अधिकारी, ज्यांना सगळे फौजदार म्हणत, आणि दुसरा मी. मला फौजदार 'पुस्तकवाले' म्हणत. मी रहस्यकथा वाचत म्हातारा झालेला माणूस. वर्गात बोलायची वेळ आली की मी वही चाळायला लागतो.

बाई मात्र दारातच थबकल्या होत्या.

"हे मी नाही मांडलेलं," त्या म्हणाल्या. "माझा प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे. कवटी कुणी हलवली?"

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. मग आमचं हसणं एकेकाच्या तोंडावर विझत गेलं.

प्राचार्यांना बोलावलं. कवटी खऱ्या माणसाची होती, कॉलेजने परवानगी काढून ठेवलेली. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर मला पोलिसांत कळवावं लागेल. आणि मग बाई, हा वर्ग काही राहत नाही."

"खोलीची किल्ली शिपायाकडे, मागेल त्याला मिळते. कपाटाला तर कुलूपच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपण सगळेच संशयित. मीसुद्धा. तपास फौजदारांनी करावा."

फौजदारांनी ब्रश हातात घेतला, काळ्या पुडीच्या डबीत बुडवला आणि कपाटाच्या सरकत्या काचेवर फिरवायला लागले. बाहेरच्या बाजूला काहीच उमटलं नाही. आतल्या बाजूला मात्र, काचेच्या अगदी मधोमध, पाचही बोटं पसरलेला एक अख्खा हात उगवला.

भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या ठशांची कार्डं लावलेली होती. फौजदार भिंग घेऊन एकेक कार्ड पाहत गेले आणि शेवटच्यापाशी थांबले.

"पुस्तकवाले," ते म्हणाले, "हा हात तुमचा आहे."

२

मला काहीच आठवत नव्हतं. तिथेच तर पंचाईत होती.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता, 'खोटं आहे!' मी ओरडलो नाही. मी आपला हात वर करून त्याच्याकडे बघत बसलो, जणू तोच मला काहीतरी सांगणार होता.

फौजदारांनी रीतसर जबान्या घेतल्या. आधी सासूबाई.

"मी कवटी नेऊन काय करू? घरी डोकं खाणारी एक आहे ती पुरे झाली."

"या पुस्तकवाल्या आजोबांसमोर कशाला हो?" सूनबाई फणकारल्या. "आणि फौजदारकाका, मी तर मागच्या तासानंतर थेट माहेरी गेले होते. विचारा आईंना. दोन दिवस घरात किती शांतता होती ते सांगतील."

"शांतता खरी होती," सासूबाईंनी साक्ष दिली.

फौजदारांनी स्वतःचीही जबानी घेतली, स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं दिली आणि स्वतःला निर्दोष ठरवलं. तोवर सूनबाई कपाटाच्या खणात चिमटा फिरवत होत्या. त्यांच्या चिमट्यात लोकरीचा एक राखाडी धागा आला. माझ्या अंगातला स्वेटर राखाडी होता. मग सासूबाईंनी खाली वाकून कपाटासमोरच्या फरशीकडे बोट दाखवलं. तिथे काळी पूड सांडली होती आणि तिच्यात एका बुटाचा ठसा होता. टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. मी असाच चालतो. माझा चांभार मला नेहमी तेच ऐकवतो.

"डाव्या पायाचा," फौजदार म्हणाले.

"उजवा कुठाय?" सूनबाईंनी विचारलं. "आजोबा लंगडी घालत आले होते की काय?"

कुणी हसलं नाही. मला मात्र त्या काचेवरच्या हातात काहीतरी खटकत होतं. बराच वेळ पाहिल्यावर कळलं. बोटं खाली होती आणि तळवा वर.

"फौजदारसाहेब," मी कसंबसं म्हणालो, "हा हात उलटा नाही का?"

"चोराची घाई असते हो. कसाही पडतो हात."

त्यांनी नोकरीत उभी हयात काढली होती. मी फक्त पुस्तकं वाचली होती.

जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही नेली असेल तर मला सांगा. मी रागावणार नाही."

"बाई, नेली असती तर सांगितलं असतं," मी म्हणालो. "पण नेली नाही हेही मला सांगता येत नाहीये."

३

लेकीने मला पलंगाखाली पकडलं. म्हणजे माझं डोकं पलंगाखाली होतं आणि बाकीचा मी बाहेर.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही. एक कवटी."

तिने मला उठवून खुर्चीत बसवलं. प्राचार्यांनी तिला फोन केला होता. ती कामावरून तशीच आली होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, डोळ्यांत ते नेहमीचं माझ्याविषयीचं हिशेबी प्रेम.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. मध्यंतरी मी नळ उघडा टाकून वाचत बसलो आणि खालच्यांच्या छताला ओल आली. मग एकदा दूध करपलं, इतकं की शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. तेव्हा लेकीने निक्षून सांगितलं होतं, आता आणखी एक जरी असा प्रकार झाला तरी हे घर बंद आणि तुम्ही माझ्याकडे. तिची काही चूक नाही. पण तिच्याकडे माझ्या वाट्याला येणारी खोली मी पाहिली आहे. नातवाच्या खेळण्यांच्या बाजूला एक कॉट. पुस्तकांना जागा नाही. हे घर गेलं तर मी जाईन, असं मला वाटे. म्हणजे जिवंत राहीन, पण जाईन.

"सगळीकडे शोधलं?" तिने विचारलं.

"कपाटं, माळा, पिठाचा डबा."

"पिठाचा डबा?" तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हाला स्वतःलाच वाटतंय की तुम्ही नेलीय."

"हात माझा आहे. धागा माझा आहे. बूट माझा आहे. मला आठवत नाही एवढंच काय ते माझ्या बाजूने, आणि तेही विरुद्धच."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. नंतर वळून चिडचिडत म्हणाली, कारण तिला रडायचं नव्हतं, "आणि काय तरी म्हणे, ठसा, धागा, बूट. जेवढं शिकवलं तेवढंच बरोबर पेपरात आलं! माझ्या परीक्षांत कधी असं झालं नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

पहिला पाठ ठशांचा. दुसरा धाग्यांचा. तिसरा बुटांचा. चौथा, केसांचा, अजून व्हायचा होता. आणि कपाटात एकही केस सापडला नव्हता. माझं डोकं तर पानगळीतल्या झाडासारखं गळतं.

"बाबा, असे काय बघताय? घाबरवू नका."

"बुटांच्या पाठात," मी हळूच म्हणालो, "बाईंनी सगळ्यांचा फक्त डावा बूट घेतला होता."

४

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी वर्गावर गेलो. बाई एकट्याच होत्या. लेकीला मी बाहेर बाकावर बसवलं. तिच्यादेखत चूक ठरायची माझी तयारी नव्हती. बाई तिला पाण्याचा पेला देऊन बऱ्याच वेळाने आत आल्या.

"बाई, माझं बहुधा चुकत असेल," मी सुरुवात केली.

"तुम्ही नेहमी असंच का सुरू करता हो?"

"सवय. मला ते साचे बघायचे आहेत. बुटांच्या पाठातले."

वाळूच्या ट्रेत आम्ही पाय दाबले होते आणि त्या खळग्यात प्लास्टर ओतून बाईंनी साचे काढले होते. साचा म्हणजे हुबेहूब बुटाचा तळवा. दाबला तर बुटासारखाच उमटणार. कुणीतरी माझा साचा चोरून माझा पाय फरशीवर उमटवला असावा, असं मला वाटत होतं. मनात फौजदार होते. कदाचित सासूबाईसुद्धा.

"चोरणं शक्य नाही," बाई म्हणाल्या. "साचे माझ्या लोखंडी कपाटात असतात. किल्ली माझ्या पर्समधून हलत नाही." त्यांनी कपाट उघडलं. चारही साचे ओळीने होते. त्यांनी माझा उचलला, उलटा केला आणि हातातच धरून राहिल्या.

पांढऱ्या तळव्यावर काळी पूड चिकटलेली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण बाईंचा चेहरा पाहून तो आतच अडकला. मी घाईघाईने पुढचं बोलत गेलो, थांबलो असतो तर धीर सुटला असता.

"आणि तो हात, बाई. काचेच्या आतल्या बाजूला, मधोमध, अख्खा पंजा, बोटं खाली. तसा हात टेकायचा तर मला कपाटात शिरून खाली डोकं वर पाय करावं लागेल. पण ठशांच्या पाठाला तुम्ही मोडीतल्या कपाटाच्या काचा वापरल्या होत्या, याच मापाच्या. आम्ही सगळ्यांनी त्यांवर हात टेकले, पण पूड लावायला मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, माझी पाळी येईपर्यंत तास संपला. माझ्या काचेवर पूड पडलीच नाही. तो हात तिच्यावर तसाच राहिला असणार, न दिसणारा. कुणीतरी ती काच इथे बसवली. ठसा दिसत नव्हता, म्हणून वर कोणती बाजू ते त्यालाही कळलं नाही."

बाई कोपऱ्यातल्या काचांकडे गेल्या आणि एकेक पुढे ओढत गेल्या. मागची काच धुळीने भरलेली होती आणि तिच्यावर जुनी चिठ्ठी डकवलेली होती, 'हात लावू नये'. ती या कपाटाची काच होती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणीतरी खोटी चोरी मांडली. मी शिकवल्याप्रमाणे, पाठाबरहुकूम." त्यांनी काच परत भिंतीला टेकवली. "पण मी नाही मांडली. माझा प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे."

"हो बाई."

"तुम्हाला वाटतंय मी खोटं बोलते."

"नाही बाई. तुम्ही खरं बोलताय हे मला दिसतंय. म्हणूनच मला काही कळेनासं झालंय."

त्यांनी साचा पुन्हा उचलला, दिव्याखाली धरला. त्याच्या पाठीवर, जिथे माणूस धरील तिथे, काळ्या पुडीत माखलेला एक अंगठा उमटला होता. बाईंनी भिंग लावलं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला.

"माझा अंगठा घ्या," त्या म्हणाल्या.

५

मी आजवर कुणाचा ठसा घेतला नव्हता. बाईंनी अंगठा पुढे केला. पहिला फराटा झाला. "बोट दाबू नका, लोळवा," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणत तशाच आवाजात. दुसरा बरा आला.

बाईंच्या अंगठ्यावर तिरपा व्रण आहे, कधीकाळी ॲसिड पडलं होतं. तो व्रण कागदावर होता आणि साच्यावरही होता.

मला तर भिंगाशिवाय दिसलं. पण बाईंनी सगळं यथासांग तपासलं. एकेक रेष मोजत, ओठ हलवत. इतर कुणाचा ठसा असता तर त्यांनी जेवढं तपासलं असतं तेवढंच, ना कमी ना जास्त.

"जुळतो," त्या म्हणाल्या. "काच धरताना मी हातमोजे घालते. साचा धरताना नाही घालत. साचा काही पुरावा नसतो ना." त्या खुर्चीत बसल्या. "मला यातलं काहीही आठवत नाही. अगदी काहीही. धुकंसुद्धा नाही. आठवत नाही असंही आठवत नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. कालपासून मी ज्याला घाबरत होतो ते या खोलीत येऊन दुसऱ्याच खुर्चीवर बसलं होतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली.

"याआधी असं कधी...?"

"मला कसं माहीत असणार?" बाई म्हणाल्या. मग एकदम ताठ बसल्या. "कवटी. मी मांडलं असेल तर लपवलीही मीच. कुठे लपवली असेल? तुम्हाला चोर ठरवलं, म्हणजे तुम्ही लपवाल तिथे. तुम्ही कुठे लपवली असती?"

"मी पिठाच्या डब्यात शोधली," मी म्हणालो.

"ते घरी. इथे, कॉलेजात?"

आम्ही दोघंही एकदमच उठलो.

ग्रंथालयात शब्दकोशांच्या खणाशी कुणी फिरकत नाही, मी सोडून. जाडजूड खंडांच्या मागे हात घातला तर लोकर लागली. बाईंची शाल. त्या शालीत कवटी होती. शाल हरवली म्हणून बाईंनी कालच शिपायाला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"बाई," मी कुजबुजलो, कारण ते ग्रंथालय होतं, "मी सांगतो की मीच नेली होती. विसरलो म्हणतो. माझ्याकडून असं काही होईल हे सगळ्यांना पटतं. तुमचा वर्ग वाचेल."

"आणि तुमचं घर?"

मी बाईंना घराविषयी कधी काही बोललो नव्हतो. मी चपापलो.

"लेक तुमची बाकावर बसलीय दुपारपासून रडल्यासारखी. मघाशी मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिने सगळं सांगितलं." त्यांनी शालीची घडी घातली. "की हेही मी कल्पलं?"

"नाही बाई. तुम्ही गेला होतात. पाण्याचा पेला घेऊन."

"ठीक," त्या म्हणाल्या. "चला."

६

संध्याकाळी सगळे जमले. प्राचार्य, फौजदार, सासू-सून, आणि दारापाशी माझी लेक. बाईंनी कवटी टेबलावर ठेवली. मग उलटा हात, डाव्या पायाचा साचा आणि मागे सापडलेली काच दाखवत त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. धाग्याचंही सांगितलं, दुसऱ्या पाठात माझ्या स्वेटरचा नमुना त्यांच्याच पाकिटात गेला होता. आणि शेवटी त्या म्हणाल्या,

"हा अंगठा माझा आहे. हे मी मांडलं होतं. आणि मी ते विसरले."

मग प्राचार्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा बाई! काय बेमालूम नाटक! मला पोलिसांपर्यंत नेऊन आणलंत!"

"नाटक नाही. मी खरंच विसरले होते."

"अजून भूमिकेतच आहेत," सूनबाई खिदळल्या. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. फौजदार जरा ओशाळले होते, पण लगेच म्हणाले, "मला पहिल्यापासून संशय होता. उलटा हात बघूनच." प्राचार्य म्हणाले, पुढच्या सत्रापासून वर्ग आठवड्यातून दोनदा घेऊ, मोठ्या खोलीत.

बाईंनी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. लोक आणखी हसायच्या तयारीत होते. त्यांनी तोंड मिटलं.

लेकीने माझा दंड धरला. "बाबा, सॉरी. एवढ्या मोठ्या तज्ज्ञ बाईंचा डाव तुम्ही उलगडलात आणि मी तुम्हाला कॉटवर झोपवायला निघाले होते. राहा हो तुमच्या घरात. फक्त नळ बंद करा." तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मी तिला काही सांगू शकलो नाही. सांगायला हवं होतं का, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

सगळे गेल्यावर बाई कपाटाची खरी काच पुसत होत्या.

"मी डॉक्टरकडे जाईन," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तोवर एक कराल? रोज सकाळी मी तुम्हाला फोन करीन. काल काय केलं, आज काय करायचंय ते सांगीन. त्यात कुठे चूक असली तर मला सांगायचं."

"मी? बाई, तुम्ही माणूस चुकीचा निवडताय. मला स्वतःचीच खात्री नसते."

"म्हणूनच. मला माझी कायम असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाईंनी काल काय झालं ते सगळं बिनचूक सांगितलं. टाळ्यांसकट.

"आणि आज शनिवार," त्या म्हणाल्या. "आज सुट्टी."

मी हो म्हणणार होतो. मग थांबलो. मला शुक्रवार वाटत होता. पण मला काय, काहीही वाटतं.

"बाई, मला शुक्रवार वाटतोय. पण पक्कं सांगता येत नाही."

पलीकडून बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"फोन ठेवू नका," मी म्हणालो. "दारात पेपर आला असेल. बघून येतो."